या चित्रांत आहे तरी काय ?

चित्रप्रदर्शनांतून बाहेर पडणाऱ्या गृहस्थांच्या तोंडीं हल्लीं एक प्रश्न हमखास ऐकूं येतो, व तो म्हणजे "या चित्रांत आहे तरी काय ?" हा प्रश्न आम्हीं स्वतः एकदां मोठ्यानें विचारला, आणि तोही अशा जागीं कीं, जेथें चारचौघे अगदीं हळू आवाजांत बोलत होते. त्याचें उत्तर आम्हांस लगेच मिळालें नाहीं. तें शोधतां शोधतां आमच्या अध्यापकीच्या आयुष्यांतील एक जुनी चूक मात्र आमच्यापुढें येऊन उभी राहिली. ती हकीकत वाचकांस सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे. चित्रकलेंत आमचा अधिकार नाहीं हें वाचकांनीं प्रारंभींच ध्यानांत ठेवावें. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, पुढें वाईस थोडेंबहुत संस्कृत वाचलेले, आणि सारा जन्म खेड्यापाड्यांच्या शाळांत घालविलेले शिक्षक आहों. आमच्या शाळेंत चित्रकलेला निराळा शिक्षक नसे. म्हणून भाषा, गणित व इतिहास यांजबरोबर तोही तास आमच्याच गळ्यांत पडे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही कांहीं कामानिमित्त मुंबईस गेलों होतों. आमची पुतणी तेथें चित्रकलेचें शिक्षण घेते. "काका, एक दिवस माझ्याबरोबर चलाच," असा तिनें हट्ट धरला व आम्हांस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत नेलें. तेथील जुन्या मूर्ति, नाणीं व लघुचित्रें पाहण्यांत आमचा वेळ मोठ्या आनंदांत गेला. त्यानंतर जहांगीर निकल्सन या रसिक गृहस्थांनीं जमविलेल्या आधुनिक चित्रांकडे ती आम्हांस घेऊन गेली, आणि एका उभ्या चित्रासमोर थांबली. त्या चित्रांत माणूस नव्हता, झाड नव्हतें, डोंगर नव्हता, देवही नव्हता. वरपासून खालपर्यंत एक धुरकट रंग पसरलेला. मध्येंच तो उजळे, मध्येंच गढूळ होई. आणि त्यांत कोठें कोठें, झिजून गेलेल्या शिलालेखाच्या अक्षरांसारख्या, कांहीं पुसट खुणा तरंगत होत्या. बाजूस चित्रकाराचें नांव होतें वासुदेव गायतोंडे. चित्रास मात्र नांव असें नव्हतेंच.

"काका, पांच मिनिटें कांहीं बोलूं नका. नुसतें पाहा," पुतणी म्हणाली. आमचा धीर दोन मिनिटांतच सुटला. "अगं, पण यांत आहे तरी काय ? भिंतीला ओल आली म्हणजे असेंच दिसतें !" असें आम्ही बोलून गेलों. शेजारचे दोघे तिघे वळून पाहूं लागले. पोरीचा चेहरा उतरला. पण ती रागावली नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, "काका, तुम्ही रात्रीं मालकंस ऐकत बसतां, तेव्हां मालकंसांत आहे तरी काय असें कधीं विचारतां का ?" यावर आम्ही निरुत्तर झालों. चीज सुरू होण्यापूर्वींचा आलाप आम्हांस चिजेहूनही प्रिय आहे. त्यांत शब्द नसतात, कथा नसते, कोणाचें वर्णन नसतें. तरी तेथें कांहीं नाहीं असें आम्हांस आजवर कधीं वाटलें नव्हतें. कानाला जें आम्ही इतक्या सहज देतों तें डोळ्याला देण्यास कां कचरतों, हा विचार त्या दिवसापासून आमच्या पाठीस लागला.

कोयनानगरास परत आल्यावर आम्हीं या चित्रकाराविषयीं मिळेल तें वाचून काढलें. वासुदेव संतू गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालीं नागपुरास झाला. घराणें मूळचें गोव्याचें. बालपण गेलें गिरगांवांतील चाळींत. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची पदविका त्यांनीं १९४८ सालीं मिळविली. म्हणजे चेहरा, हात, वस्त्राच्या चुण्या, घडा आणि घर हें सर्व रीतसर शिकलेला हा मनुष्य होता; येत नाहीं म्हणून त्यानें आकृति टाकल्या, असें म्हणण्यास जागा नाहीं. प्रारंभींच्या त्यांच्या चित्रांत माणसें आहेत आणि आपल्याकडील लघुचित्रांचे चोख रंगही आहेत. १९४७ सालीं मुंबईंत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे या तरुणांनीं प्रगतिशील चित्रकारांचा जो संघ काढला, त्यांत गायतोंडे पुढें सामील झाले. पण त्यांची वृत्ति संघांत रमणारी नव्हती. १९५७ सालीं टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनांत त्यांस पहिलें पारितोषिक मिळालें. १९६४ सालीं रॉकफेलर निधीच्या साहाय्यानें ते न्यूयॉर्कला जाऊन राहिले. १९७१ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. १९७२ सालीं ते दिल्लीस गेले आणि शेवटपर्यंत तेथेंच एकटे राहिले. १९८४ सालीं त्यांस मोठा अपघात झाला व कांहीं काळ मोठे कॅनव्हास बाजूस ठेवून कागदावरच्या लहान रेखाटनांवर समाधान मानावें लागलें. २००१ सालीं त्यांचा अंत झाला. त्यानंतर तेरा वर्षांनीं, २०१४ सालीं, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. गिरगांवच्या चाळींतून निघालेल्या एका मराठी बोलणाऱ्या माणसाच्या रंगांपुढें परदेशचे लोक मुकाट्यानें उभे राहिले, आणि आम्हीं मात्र त्याच रंगांस भिंतीवरची ओल म्हटलें !

या गृहस्थांची काम करण्याची रीति मोठी विलक्षण होती. ते वर्षाकाठीं पांचसहाच चित्रें पुरीं करीत. बाकीचा वेळ कोठें जाई, असें कोणी विचारील. तो पाहण्यांत, वाचण्यांत, संगीत ऐकण्यांत व स्वस्थ बसण्यांत जाई. झेन पंथाचें बौद्ध तत्त्वज्ञान त्यांस फार जवळचें वाटे. रमण महर्षि, जे. कृष्णमूर्ति, आणि मुंबईंत विडीचें दुकान चालवून अद्वैत सांगणारे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडेही त्यांचा ओढा होता. प्रत्यक्ष काम करतांना ते कुंचल्यावर विसंबून राहत नसत. रोलर व रंग पसरण्याची पातळ सुरी हीं त्यांचीं मुख्य हत्यारें. एक पातळ थर द्यावा, तो वाळूं द्यावा, त्यावर दुसरा द्यावा, मध्येंच खरवडावा, कागदाचे फाडलेले तुकडे घेऊन त्यांच्या साह्यानें रंग दाबावा व उचलावा. असें करीत करीत खालचा रंग वरच्यांतून अर्धवट दिसूं लागे. आमच्या लहानपणीं आई ओसरी सारवीत असे. एका हातानें सारवलेली जमीन आणि वर्षानुवर्षें सारवीत आलेली जमीन यांत जो फरक असतो, तोच एकदां फासलेल्या रंगांत आणि या रंगांत असतो, असें आतां आम्हांस कळूं लागलें आहे. त्यांच्या चित्रांस लोक 'अमूर्त' म्हणतात. पण त्यांस स्वतःस तो शब्द रुचत नसे. आपल्या चित्रांत कोणतीही वस्तु दाखविलेली नाहीं, एवढेंच ते म्हणत.

ही वाट एकट्या गायतोंड्यांचीच होती असें नाहीं. तरुणपणीं त्यांनीं ज्याचा मन लावून अभ्यास केला तो पाउल क्ले हा चित्रकार स्वित्झर्लंडांत जन्मलेला, पण नागरिकत्वानें जर्मन होता. हिटलरची राजवट १९३३ सालीं आली आणि क्ले याची अध्यापकाची नोकरी गेली. १९३७ सालीं म्यूनिच शहरीं 'अधःपतित कला' या नांवाखालीं एक प्रदर्शन सरकारनें मुद्दाम भरविलें. त्यांत क्लेचींही चित्रें टांगलीं होतीं. लोकांनीं येऊन हंसावें व थुंकावें, हाच त्याचा हेतु ! 'यांत आहे तरी काय ?' या प्रश्नानें राजदंड हातीं घेतला म्हणजे काय होतें, याचें हें उदाहरण वाचून आम्ही खरोखर शरमलों.

त्याच म्यूनिच शहरीं १९०८ सालीं जन्मलेला रुप्रेख्त गायगर नांवाचा एक गृहस्थ होता. धंद्यानें तो वास्तुशिल्पी. चित्रकला तो आपली आपणच शिकला. दुसऱ्या महायुद्धांत शिपाई म्हणून त्यास पूर्वेकडील रणांगणावर जावें लागलें, आणि तेथेंच तो रंगवूं लागला. युद्ध संपलें तेव्हां त्याचें शहर दगडविटांचा ढीग झालें होतें. १९४९ सालीं त्यानें व त्याच्या कांहीं मित्रांनीं म्यूनिचमध्यें एक मंडळ स्थापन केलें व त्यास 'झेन ४९' असें नांव दिलें. गायतोंड्यांस ज्या झेन पंथाची ओढ होती, त्याचेंच नांव जर्मनीच्या भग्नावशेषांत उभ्या असलेल्या या लोकांसही घ्यावेंसें वाटलें, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे. पुढें गायगरनें आकृति अगदींच सोडल्या. एखादा लाल गोल, एखादी लाल चौकट, आणि तोही लाल असा कीं अंधारांत निखारा फुलावा ! १०१ वर्षांचें आयुष्य लाभून २००९ सालीं तो वारला, आणि शेवटपर्यंत रंगाखेरीज दुसरें कांहीं त्यानें सांगितलें नाहीं. त्यानें असें कां केलें असावें ? आम्हांस वाटतें कीं, ज्या देशांत झेंडे, चिन्हें, पुतळे व घोषणा यांनीं माणसांस बारा वर्षें भुलविलें, तेथें अर्थ सांगणाऱ्या प्रत्येक आकृतीचा कांहीं लोकांस वीट आला असेल. रंगास कोणी खोटें बोलावयास लावलें नव्हतें. म्हणून ते त्याच्याकडे वळले असतील. गायतोंड्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यामागें जळलेलें शहर नव्हतें. गायगरचा रंग नगाऱ्यासारखा आपल्या अंगावर येतो; गायतोंड्यांचा रंग तंबोऱ्यासारखा आपणांस आंत बोलावतो. पण वस्तु बाजूस सारून रंगाजवळच थांबावयाचें, हा निश्चय दोघांचाही एकच.

आतां कोणी म्हणेल कीं, हें सर्व परकीय खूळ आहे. आपल्या शास्त्रांत यास आधार कोठें? आम्हांसही प्रथम असेंच वाटलें, व म्हणून जुनीं पुस्तकें पुन्हां उघडलीं. कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेंत चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांपैकीं रूपभेद, प्रमाण व सादृश्य हीं तीन अंगें वस्तूवर अवलंबून आहेत. वस्तूच नसेल तर तीं गळून पडतात. परंतु भाव, लावण्याची योजना आणि रंगांचें मिश्रण व मांडणी हीं तीन उरतातच. सहांपैकीं तीन अंगें टाकून उरलेल्या तिहींवर सर्व भार घालावयाचा, हें धाडस खरें. पण त्यास शास्त्राबाहेरचें म्हणतां येणार नाहीं. एखाद्या व्रतस्थानें एकभुक्त राहावें, तसाच हा प्रकार. त्यानें अन्न सोडलेलें नसतें. तें एकाच वेळीं घेण्याचा नेम केलेला असतो.

भरताच्या नाट्यशास्त्रांत तर प्रत्येक रसाला रंगच नेमून दिला आहे. शृंगार श्याम, हास्य शुभ्र, करुण कबुतराच्या रंगाचा, रौद्र तांबडा, वीर गौर, भयानक काळा, बीभत्स निळा आणि अद्भुत पिवळा. पाठशाळेंत हें कोष्टक आम्हीं घोकून पाठ केलें व परीक्षेंत लिहून गुण मिळविले. पण करुणाला कबुतराचा रंग कां, याचा विचार चाळीस वर्षांत एकदांही केला नाहीं. तांबडा रंग क्रोधाचा हें पोरही सांगेल. परंतु दुःखाला काळा न देतां तो राखाडी, किंचित् निळसर, किंचित् जांभळट रंग देणाऱ्या त्या मुनीनें दुःख किती जवळून पाहिलें असेल! रंग एकटा, कोणत्याही आकृतीच्या मदतीवांचून, मनाची अवस्था धरून ठेवूं शकतो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांस ठाऊक होती. ती आम्हांस पाठ होती, पण ठाऊक नव्हती.

याउलट एक वचन गायतोंड्यांविरुद्धही काढून दाखवितां येईल. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत म्हटलें आहे कीं, आचार्य लोक रेषेची प्रशंसा करतात, चतुर लोक छायाप्रकाशाची करतात, स्त्रियांस अलंकरण आवडतें, आणि इतर सामान्य जनांस रंगांची रेलचेल हवी असते. (या वांटणीबद्दल घरांतील मंडळींनीं आम्हांस बोल लावूं नये; ती पुराणकारांची आहे.) म्हणजे रंग हा सर्वांत खालच्या पायरीवरचा ! पण विचार केला असतां दिसून येतें कीं, पुराणकारांनीं दोष दिला तो रंगाच्या रेलचेलीला. गायतोंड्यांच्या चित्रांत रेलचेल मुळींच नाहीं. एकच रंग घेऊन त्याच्या पोटांतल्या शंभर छटा बाहेर काढणें ही उधळपट्टी नव्हे. तो संयम आहे. रेषेंत आचार्य जी शिस्त शोधीत, तीच येथें रंगाकडून पाळून घेतली आहे.

शास्त्राधारानें बुद्धीचें समाधान झालें. पण डोळ्यांचें व्हावयाचें राहिलें होतें. तें मुंबईस झालें नाहीं. येथें, कोयनानगरास, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर झालें. येथला पावसाळा ज्यांनीं पाहिला असेल त्यांस सांगावयास नको. नवजाच्या बाजूनें धुकें उतरूं लागलें कीं, प्रथम पलीकडचे डोंगर जातात, मग धरणाची भिंत जाते, मग समोरचें झाडही जातें. एका आषाढांतल्या सकाळीं आम्ही शिवसागराच्या कांठीं उभे होतों. पाणी कोठें संपतें आणि आकाश कोठें सुरू होतें, तें कळत नव्हतें. वरपासून खालपर्यंत एकच राखाडी रंग. मध्येंच तो उजळे, मध्येंच गढूळ होई. कबुतराचा रंग ! आम्ही किती वेळ उभे राहिलों कोण जाणे. मग एकाएकीं ध्यानांत आलें कीं, आम्हीं याच चित्रासमोर मुंबईस दोन मिनिटांत धीर सोडला होता.

आणि या पाण्यांत आहे तरी काय ? वाचकहो, या पाण्यांत आमचें घर आहे. कोयनेचें पाणी अडूं लागलें तेव्हां आम्ही तीनचार वर्षांचे होतों. वडील खोऱ्यांतल्या एका लहानशा गांवीं भिक्षुकी करीत. धरणाची भिंत १०३ मीटर उंच उठली, आणि तिच्यामागें खोऱ्यांतलीं शेतें, देवळें, उंबरठे, तुळशीवृंदावनें सर्व कांहीं पाण्याखालीं गेलें. हजारों कुटुंबें उठलीं. कोणी सांगली, सोलापुराकडे गेले, कोणी कोंकणांत उतरले, आणि कांहीं जण डोंगराच्या अंगानें वर सरकून पाण्याच्या कांठींच राहिले. १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या पहांटे येथें मोठा भूकंप झाला, तेव्हां आमचें दुसरें, नवें घरही खचलें. त्या थंडींत मांडव घालून काढलेल्या रात्री आम्हांस आठवतात. या वीजप्रकल्पानें महाराष्ट्रास उजेड दिला, हें आम्ही शाळेंत दरवर्षीं अभिमानानें शिकवीत आलों, आणि तें खरेंच आहे. वडील मात्र बोलत नसत. ते कधीं कधीं कांठाशीं येऊन नुसते पाहत बसत. पाण्यावर खूण नाहीं, काठी नाहीं, पाटी नाहीं. त्यांस काय दिसत असेल तें दिसत असेल.

असें असूनही ज्या चुकीचा उल्लेख आम्हीं प्रारंभीं केला ती आमच्या हातून घडली. पस्तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही त्या वेळीं याच खोऱ्यांतल्या एका शाळेंत शिकवीत होतों. चित्रकलेच्या तासाला आम्हीं 'माझें गांव' हा विषय दिला. सर्व मुलांनीं शिकविल्याप्रमाणें दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक कौलारू घर, एक झाड व चार पांखरें काढलीं. चौथींतल्या एका मुलानें मात्र कागद वरपासून खालपर्यंत निळ्या रंगानें भरून टाकला. कोठें रंग जास्त झालेला, कोठें पाणी जास्त होऊन कागद फुगलेला. आम्हीं विचारलें, "यांत आहे तरी काय ?" मुलगा खालीं पाहून उभा राहिला. आम्हीं वर्गापुढें तो कागद धरून दाखविला, मुलें हंसलीं. मग शून्य गुण दिले, कागद फाडला, आणि दुसरा देऊन पुन्हां काढावयास लावलें. त्यानें दोन डोंगर, सूर्य, घर, झाड व चार पांखरें मुकाट्यानें काढून दिलीं. त्यास आम्हीं दहापैकीं सहा दिले.

त्याचें कुटुंब कांठाच्या वर सरकून राहिलेल्यांपैकीं होतें. आमचें घर ज्या पाण्याखालीं, त्याच पाण्याखालीं त्याचेंही. एवढें असून आम्हीं तो कागद ओळखला नाहीं ! आम्हांस कळलें नाहीं हा दोष क्षम्य असेल; पण कळत नाहीं म्हणून आम्हीं त्यास वर्गाच्या हंसण्यावर सोपविलें, हा दोष क्षम्य नाहीं. म्यूनिचच्या त्या प्रदर्शनाची गोष्ट वाचतांना आम्ही शरमलों असें वर लिहिलें, तें कां, हें आतां वाचकांच्या ध्यानांत येईल.

तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. पावसाळ्यांत पर्यटकांस धबधब्यांकडे नेणारी जीप चालवितो. गेल्या श्रावणांत आम्हीं त्यास बोलावून घेतलें, चहा दिला, व जुनी गोष्ट काढून क्षमा मागितली. तो अगदीं संकोचून गेला. "गुरुजी, शून्याचं काय मला आठवत नाही," तो म्हणाला. "निळ्या रंगाची सगळी वडी एका दिवसात संपवली म्हणून आईनं मारलं होतं, तेवढं आठवतं." आम्हीं विचारलें, "पण तें काय काढलें होतेंस ?" तो हंसला. "पाणीच असंल, गुरुजी. आमच्या दारातनं दुसरं काय दिसतंय ?" मग त्यास गिऱ्हाइकाचा फोन आला व तो निघून गेला. आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलों. ज्याच्या दारांतून केवळ पाणी दिसे त्याकडून आम्हीं दोन डोंगरांमधला सूर्य काढून घेतला, आणि त्यास सहा गुण दिले !

येथें वाचक एक रास्त शंका काढतील. प्रत्येक निळा कागद म्हणजे गायतोंडे कीं काय ? उद्यां कोणीही रंग फासून पैसे उकळील, त्यास आम्हीं नमस्कार करावा काय ? ही शंका आम्ही फेटाळीत नाहीं. २०१३ सालीं मुंबईंत झालेल्या एका लिलांवांत गायतोंड्यांचें एक चित्र तेवीस कोटींहून अधिक किंमतीस गेलें, आणि दोन वर्षांनीं दुसरें एक एकोणतीस कोटींहून अधिक किंमतीस. असे आंकडे ऐकले म्हणजे सामान्य माणसास फसवणुकीचा वास येऊं लागतो, यांत नवल नाहीं. परंतु किंमत ही खरेदी करणाराच्या ऐपतीची गोष्ट आहे; तिजवरून चित्र थोर ठरत नाहीं व हीनही ठरत नाहीं. लिलांवाचा आंकडा आणि आमचें शून्य हीं दोन्ही सारखींच बाहेरचीं आहेत.

मग खऱ्याखोट्याची पारख कशी करावी ? आमच्यापुरत्या आम्हीं तीन कसोट्या ठरविल्या आहेत. पहिली अशी कीं, चित्र दुसऱ्या दिवशीं पाहिलें असतां कालच्याहून अधिक देतें कीं कमी ? नुसती चमत्कृति असेल तर ती एका दिवसांत शिळी होते. दुसरी कसोटी म्हणजे हातानें चित्राचा एखादा कोपरा झांकून पाहावा. कांहीं हरवल्यासारखें वाटलें तर तो कोपरा विचारपूर्वक केलेला आहे. कांहींच फरक पडला नाहीं तर तेथें केवळ रंग सांडलेला आहे. तिसरी ही कीं, हें करणाऱ्यानें जें सोडलें तें त्यास येत होतें काय ? ज्यास आकृति साधलेली आहे त्यानें ती सोडली तर तो त्याग होय. ज्यास ती साधलीच नाहीं त्याची ती केवळ पळवाट. या कसोट्यांस गायतोंडे पुरेपूर उतरतात. तिसरी कसोटी मात्र लहान मुलास लावूं नये. मूल कांहीं सोडीत नाहीं. तें पाहिलेलें सांगत असतें, आणि पुष्कळदां आपल्यापेक्षां खरें सांगतें.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे. मुलांबाळांस घेऊन संग्रहालयांत जाल तेव्हां जुन्या मूर्ति व लघुचित्रें अवश्य दाखवा. पण शेवटीं अशा एखाद्या नांव नसलेल्या चित्रासमोरही पांच मिनिटें थांबा. घड्याळ लावून थांबा, कारण पहिलीं दोन मिनिटें मन फार उड्या मारतें, हा आमचा अनुभव आहे. चित्र आवडलेंच पाहिजे असें नाहीं. तें न आवडणें हाही रसिकाचा हक्क आहे. मात्र नावड आणि उपहास या दोन निराळ्या वस्तु आहेत. पहिलीनें कोणाचें नुकसान होत नाहीं.

आमची पुतणी गणपतींत येथें आली होती. तिला आम्ही भल्या पहांटे कांठावर घेऊन गेलों. धुकें दाट होतें. तिनें वही काढली नाहीं, कीं आम्हांस कांहीं समजावून सांगितलें नाहीं. आम्हींच तिला बोट दाखवून सांगितलें कीं, साधारण त्या अंगाला तुझ्या पणजोबांचें घर होतें. ती पुष्कळ वेळ तिकडे पाहत राहिली. तिला तेथें घर दिसलें नाहीं, आणि आम्हांसही दिसलें नाहीं, पण परत येतांना ती म्हणाली, "काका, पुढच्या वेळीं मुंबईस आलांत कीं तें चित्र पुन्हां पाहूं." आम्हीं होकार दिला आहे.

मध्यंतरीं शेजारच्या घरचा सात वर्षांचा नातू एक कागद घेऊन आला. सगळा पिवळा. 'यांत आहे तरी काय ?' हा प्रश्न आमच्या जिभेच्या टोंकावर आला होता, तो आम्हीं गिळला आणि विचारलें, "हें कोठें पाहिलेंस, बाळ ?" त्यानें क्षणभर विचार केला आणि तो सांगूं लागला. अर्धा तास सांगत होता.